विश्लेषण : गवतात हरवलेल्या गुडघाभर दगडांचा इतिहास कसा वाचतात?

इंग्लंडमधील प्रागैतिहासिक अवशेष म्हटले की बहुतेकांना स्टोनहेंज आठवते. पण त्याच देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, डार्टमूर आणि एक्समूर या उघड्या माळरानांवर, हजारो वर्षांपूर्वी माणसाने रोवलेले असंख्य छोटे दगड उभे आहेत. काही गुडघ्याएवढे, काही वीतभरच. गवत वाढले की ते दिसत नाहीत आणि गाय अंग घासायला लागली की कलंडतात. हे दगड कोणी, केव्हा आणि कशासाठी रोवले, हे ठरवणे पुरातत्त्वशास्त्रातील अवघड कामांपैकी एक आहे. ते इतके अवघड का आहे आणि त्यासाठी कोणते पुरावे तपासले जातात, याविषयी…

हे माळरान कसे आहे?

इंग्रजीत ज्याला मूर म्हणतात ते म्हणजे उंचावरचे, वाऱ्यापावसाचे, जवळपास झाडे नसलेले माळरान. त्यावर खरखरीत गवत आणि हीदर नावाची झुडपे वाढतात. खाली पीट, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, ओला थर असतो. डेव्हन परगण्यातील डार्टमूर सुमारे ९५४ चौरस किलोमीटरवर पसरले असून १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. डेव्हन आणि सॉमरसेटच्या सीमेवरील सुमारे ६९३ चौरस किलोमीटरच्या एक्समूरला हा दर्जा १९५४ मध्ये मिळाला.

आज ओसाड वाटणारी ही माळराने कांस्ययुगात बऱ्यापैकी गजबजलेली होती. डार्टमूरवर गोल झोपड्यांचे सुमारे ५ हजार दगडी पाये सापडले आहेत. पुढे हवामान थंड आणि ओलसर झाले, पीट वाढत गेले आणि इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास उंचावरची बरीच वस्ती उठली. नंतरच्या काळात तेथे नांगर फारसा फिरला नाही. सखल भागातील शेतीत जे नष्ट झाले, ते त्यामुळे इथे टिकून राहिले.

अवशेष नेमके कोणते?

डार्टमूरवर दगडांच्या सत्तरहून अधिक रांगा आहेत. अर्म नदीच्या वरच्या खोऱ्यातील रांग तीन किलोमीटरपेक्षा लांब आहे, पण तिच्यातले बरेच दगड माणसाच्या कमरेपर्यंतही येत नाहीत. याशिवाय दगडांची वर्तुळे, मृतांवर रचलेल्या राशी, चार फरश्या उभ्या करून केलेल्या दगडी पेट्या आणि कुंपणांचे खचलेले बांध आहेत.

एक्समूरचे प्रकरण आणखी वेगळे आहे. डार्टमूर ग्रॅनाइटचे असल्याने तिथे मोठे दगड मिळतात. एक्समूर वालुकाश्म आणि पाटीच्या दगडाचे, त्यामुळे तिथले दगड पातळ आणि छोटे. तिथे पन्नासहून अधिक ठिकाणी अशा दगडांच्या मांडण्या आहेत. कुठे आयत, कुठे त्रिकोण, तर कुठे फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी रचना, म्हणजे चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. काही मांडण्यांत तर कोणताच आकार धड जाणवत नाही. बहुतेक दगड अर्धा मीटरही उंच नाहीत. ‘मेगालिथ’ म्हणजे महापाषाण. त्याच धर्तीवर मार्क गिलिंग्ज, जोशुआ पोलार्ड आणि जेरेमी टेलर या अभ्यासकांनी २०१० मधील आपल्या शोधनिबंधात एक्समूरच्या दगडांना ‘मिनिलिथ’ म्हटले.

असे दगड किती सहज नजरेआड राहतात, याचे उदाहरण म्हणजे विदीपूल टेकडीवरचे वर्तुळ. त्याचा व्यास सुमारे ३६ मीटर आहे. तरीही ते १८९८ मध्ये लक्षात आले, तेही एका घोडेस्वाराचा घोडा त्यातल्या दगडाला अडखळला म्हणून.

दगड माणसाने रोवला, हे कशावरून ठरते?

हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हिमयुगात जमीन गोठणे आणि वितळणे या क्रियेमुळे दगड वर ढकलले जातात, उतारावरून घसरतात आणि कधी उभेही राहतात. त्यामुळे ‘उभा दगड’ एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खरा पुरावा जमिनीखाली असतो. माणूस दगड रोवतो तेव्हा आधी खड्डा खणतो, दगड उभा करतो आणि तो हलू नये म्हणून बुडाशी छोटे दगड ठोकून बसवतो. आपल्याकडे कुंपणाचा खांब रोवताना जी पाचर मारतात, तसाच हा प्रकार. खड्ड्याची कड आणि या पाचरी उत्खननात दिसल्या की दगड मुद्दाम रोवलेला आहे, हे नक्की होते. दगड नाहीसा झाला असला तरी खड्डा राहतो आणि त्यात भरलेली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी दिसते. म्हणजे नसलेल्या दगडाचीही नोंद जमीन ठेवते.

हे महत्त्वाचे ठरते, कारण आज वर दिसणारा आकार फसवा असू शकतो. आठ दगडांच्या दोन रांगांतले चार दगड गेले, तर उरलेल्या चारांचा चौकोन भासेल आणि त्या चौकोनावर कोणी सिद्धांतही रचेल. म्हणून आकाराचा अर्थ लावण्याआधी तो आकार पूर्ण आहे का, हे पाहावे लागते.

तो प्रागैतिहासिकच आहे, हे कसे कळते?

माळरानावर चार हजार वर्षांत अनेकांनी दगड हलवले. गावांच्या हद्दी दाखवायला दगड रोवले गेले. गुरांना अंग घासण्यासाठी मुद्दाम खांब उभे केले गेले. डार्टमूरवर मध्ययुगापासून कथिल काढणाऱ्यांनी खड्डे खणले आणि ढिगारे टाकले. पीट कापणारे आले, मेंढपाळांनी आडोसे बांधले, दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा सरावही झाला. छोट्या दगडांच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो, कारण छोटा दगड एकटा माणूसही हलवू शकतो.

दगडांच्या राशीचेही तसेच. शेत करताना वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग आणि मृतावर रचलेली रास वरून सारखीच दिसते. राशीभोवती नीट बसवलेली दगडांची कड किंवा आत दगडी पेटी असेल तर ती दफनाची. पण आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून जातात, त्यामुळे आत काही सापडले नाही म्हणून दफन नव्हतेच, असे म्हणता येत नाही.

दगडाचे स्वतःचे वय काढून उपयोग नसतो, कारण खडक कोट्यवधी वर्षे जुना असतो. हवी असते ती तो रोवल्याची वेळ. त्यासाठी पीट मदतीला येते. पीट थराथराने वाढते आणि त्यातील वनस्पतींचे वय रेडिओकार्बन पद्धतीने काढता येते. दगडाखालचा थर जुना, वरचा थर नवा आणि दगड तिथे आला तो या दोहोंच्या मधल्या काळात.

डार्टमूरच्या कट हिलवर हेच झाले. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या ठिकाणी पीटमध्ये आडव्या पडलेल्या दगडांची सुमारे २१५ मीटर लांबीची रांग २००४ मध्ये टॉम ग्रीव्ह्ज यांच्या लक्षात आली. राल्फ फाइफ आणि ग्रीव्ह्ज यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दगडाखालचे पीट इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातले, तर वरचे तिसऱ्या सहस्रकातले निघाले. अशा रांगा साधारणपणे कांस्ययुगातल्या मानल्या जात. कट हिलची रांग त्याआधीची, नवाश्मयुगातली असल्याचे त्यातून दिसले. एका दगडाच्या वर-खालच्या मातीने संपूर्ण प्रकाराच्या कालक्रमाबद्दल नवे प्रश्न उभे केले.

पीटमध्ये परागकणही टिकतात. दगड रोवला तेव्हा आजूबाजूला जंगल होते की कुरण, हे त्यावरून कळते. घनदाट झाडीत रोवलेल्या आणि मोकळ्या कुरणात रोवलेल्या दगडाचा अर्थ एकच कसा असेल?

अर्थ लावताना आधी कोणत्या चुका झाल्या?

एकोणिसाव्या शतकात असा प्रत्येक दगड ड्रुइड पुरोहितांच्या नावावर घालण्याची प्रथा होती. ड्रुइड हे लोहयुगातले. म्हणजे कित्येक दगड त्यांच्याही आधी हजार-दोन हजार वर्षे उभे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक संपादक आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी दगडांच्या रांगा ताऱ्यांच्या उगवतीशी जोडल्या. अडचण अशी, की रांगा अनेक आणि ठळक तारेही अनेक. त्यामुळे कोणती तरी रांग कोणत्या तरी ताऱ्याकडे योगायोगानेही वळलेली सापडणारच. शिवाय रांगा अनेकदा वाकड्या आहेत, नेमका रोख कोणता मानायचा हाही प्रश्न उरतो.

तिसरी चूक चांगल्या हेतूने झाली. १८९० च्या दशकात सॅबिन बेअरिंग-गूल्ड, रॉबर्ट बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या समितीने डार्टमूरवर मोठे काम केले. ग्रिम्सपाऊंड या कुंपणबंद वस्तीचे उत्खनन त्यांनी १८९४ मध्ये केले. त्याच काळात अनेक पडलेले दगड पुन्हा उभे केले गेले. आज छायाचित्रांत दिमाखात दिसणाऱ्या काही रांगा म्हणजे त्या काळच्या डागडुजीचा परिणाम आहे. त्यामुळे दगड मूळ जागी आहे की नंतर उभा केलेला, हे तपासल्याशिवाय त्याच्या दिशेवर काही आधारता येत नाही.

मग अर्थ लागला तो कसा?

त्यासाठी नजर एका दगडावरून उचलून सगळ्या परिसरावर टाकावी लागली. डार्टमूरवर गवताने झाकलेले, गुडघ्याएवढे दगडी बांध मैलोनमैल जातात. स्थानिक बोलीत त्यांना रीव्ह म्हणतात. पूर्वी कोणी त्यांना जुने रस्ते मानले, तर कोणी मध्ययुगीन हद्दी. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग यांनी हे तुकडे एकमेकांना जोडून पाहिले, तेव्हा ते समांतर रेषांत दऱ्या आणि टेकड्या ओलांडत जाताना दिसले. त्यांच्यात झोपड्याही बसत होत्या. इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात आखलेली ही जमिनीची वाटणी होती. एकट्या बांधाकडे पाहून जे कधी उलगडले नसते, ते सगळे बांध एकत्र पाहिल्यावर उलगडले.

एक्समूरच्या मांडण्यांबाबतही प्रश्न विचारण्याची दिशा बदलली आहे. स्मारक म्हणजे लांबून दिसण्यासाठी, असे सहसा गृहीत धरले जाते. पण वीतभर दगड लांबून दिसणारच नाही. गिलिंग्ज यांनी २०१५ मध्ये संगणकीय नकाशांच्या साह्याने उलटा विचार मांडला. एखादी जागा कुठून दिसते याऐवजी ती कुठून दिसत नाही, हे मोजले तर? या दगडांच्या बाबतीत आडोसा किंवा लपलेपण हाच जागा निवडण्याचा एक भाग असू शकतो, अशी शक्यता त्यातून पुढे येते. असा दगड गर्दीसाठी नसून, तो कुठे आहे हे माहीत असलेल्या मोजक्या माणसांसाठी असेल.

छोटा दगड म्हणजे कमी महत्त्वाचा का?

हे मराठी वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही. शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला तांदळा आकाराने केवढासा असतो, पण त्याला धक्का लावण्याची कोणाची हिंमत होत नाही. १८३० च्या दशकात जॉन स्टीव्हन्सन या मिशनरी अभ्यासकाने दख्खनमधील वेताळाच्या पूजेत मांडल्या जाणाऱ्या दगडांच्या वर्तुळांचे वर्णन केले होते. युरोपातील प्राचीन वर्तुळांशी त्यांची तुलना तेव्हापासून होत आली आहे. या दगडांवरचा चुना आणि शेंदूर पावसात धुऊन गेला, यात्रा बंद पडली आणि दोन हजार वर्षे लोटली, तर उत्खनन करणाऱ्याच्या हाती काय लागेल? काही छोटे दगड आणि त्यांच्या बुडाशी थोडी माती. एक्समूरवर अभ्यासकांच्या हाती नेमके एवढेच आहे.

दुसरा दुवा नागपूरजवळच्या जुनापाणीचा. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळांची नोंद आहे. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिताना दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना ब्रिटन आणि युरोपातील खळग्यांशी केली. अशी साम्ये पाहून त्या काळात एकाच मानवसमूहाच्या स्थलांतराचे तर्क लढवले जात. आज ते टिकत नाहीत. विदर्भातील वर्तुळे लोहयुगातली, इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातली आहेत. माहुरझरीसारख्या ठिकाणी शां. भा. देव यांच्या उत्खननात दफनांसोबत लोखंडी वस्तू आणि घोड्यांचे अवशेष मिळाले, त्यामुळे त्यांचा हेतू स्पष्ट झाला. एक्समूरच्या मांडण्यांना असा पुरावा जवळजवळ नाही. आकार सारखा म्हणून अर्थ सारखा, हे गणित इथे चुकते.

एक छोटी पेटी किती सांगू शकते?

डार्टमूरच्या व्हाइटहॉर्स हिलवर पीटच्या ढिगाऱ्यातून एका दगडी पेटीची कड बाहेर डोकावू लागली होती. पीट झिजत चालल्याने आतले सगळे नष्ट होण्याची भीती होती, म्हणून २०११ मध्ये तिचे उत्खनन झाले. ओल्या पीटमुळे आत हवा शिरली नव्हती आणि सहसा कुजून जाणाऱ्या वस्तू टिकल्या होत्या. १५ ते २५ वर्षे वयाच्या व्यक्तीच्या दहनानंतरच्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात ठेवलेल्या होत्या. सोबत विणलेली टोपली, नेटल या वनस्पतीच्या धाग्यांचा आणि चामड्याचा पट्टा, कथिलाच्या टिकल्या जडवलेले केसांचे कडे, लाकडी कर्णभूषणे आणि दोनशेहून अधिक मणी होते. त्यांत बाल्टिक प्रदेशातून आलेला अंबरही होता. काळ इसवी सनपूर्व १७०० च्या आसपासचा.

वरून पाहिले तर ही फक्त चार-सहा फरश्यांची पेटी होती. माळरानावरच्या इतर शेकडो पेट्या लुटल्या गेल्या किंवा कोरड्या मातीत त्यांच्यातले सगळे कुजले. त्या रिकाम्या दिसतात म्हणून त्यात पुरलेली माणसे गरीब होती, असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे या एका पेटीने दाखवून दिले. दहा वर्षे उशीर झाला असता, तर तीही ‘रिकामी’ म्हणूनच नोंदली गेली असती.

नवे तंत्रज्ञान सगळे शोधू शकत नाही?

लायडर तंत्रात विमानातून लेझर किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजतात. रीव्हसारखे लांब बांध आणि झोपड्यांचे गोल पाये त्यात छान दिसतात. पण इंग्लंडच्या राष्ट्रीय लायडर मोजणीत दर मीटरला एक मोजमाप असते. २० सेंटिमीटर रुंदीचा दगड त्या जाळीतून निसटतो किंवा गवताच्या झुबक्यासारखा भासतो. म्हणून इथे आजही चालत जाऊन पाहणे, बारीक सळईने गवताखाली चाचपणे आणि जुन्या आराखड्यांशी ताडून पाहणे यांना पर्याय नाही. रेव्हरंड जे. एफ. चँटर आणि आर. हॅन्सफर्ड वर्थ यांनी १९०५-०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एक्समूरच्या मोजमापांचा उपयोग म्हणूनच अजून होतो. तेव्हाचा आराखडा आणि आजची जागा ताडून पाहिली की कोणता दगड गेला, हे कळते.

कधी आगही मदत करते. २००३ मध्ये यॉर्कशायरच्या फायलिंगडेल्स मूरवर वणवा लागला. हीदर आणि पीटचा वरचा थर जळाला आणि कोरीव दगडांसह कितीतरी अज्ञात अवशेष उघडे पडले. पण ज्या थरातून काळ ठरवायचा, तोच आगीत जळतो. त्यामुळे हा शोध महाग पडणारा असतो.

धोका कोणता आणि संरक्षण कसे?

ब्रिटनमध्ये १९७९ च्या प्राचीन वास्तू कायद्यानुसार सूचीत घेतलेल्या स्मारकाला इजा करणे गुन्हा आहे. डार्टमूरवर अशी हजारहून अधिक स्मारके आहेत. पण सूचीत यायचे तर आधी ते मानवनिर्मित आणि प्राचीन असल्याचे पुरेसे कारण दाखवावे लागते. म्हणजे अर्थ लावण्याचा प्रश्न अभ्यासकांच्या वादापुरता राहत नाही, संरक्षण मिळते की नाही हे त्यावर ठरते. ‘पडलेला दगड’ अशी नोंद झालेल्या दगडाला कायदा वाचवत नाही.

प्रत्यक्ष धोके साधे आहेत. गुरे अंग घासतात, दगडाभोवती खळगा पडतो, त्यात पाणी साचते, पाचरी सैल होतात आणि दगड कलतो. चराई पूर्ण बंद केली तर उलटे होते. मोलिनिया जातीचे उंच गवत आणि काटेरी झुडपे वाढून दगड दिसेनासे होतात, मुळे थर विस्कटतात. डार्टमूरवर किती जनावरे चरावीत, हा शेतकरी आणि निसर्गरक्षक यांच्यातील वाद इतका वाढला, की सरकारने डेव्हिड फर्सडन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला. दगडांचे भवितव्यही त्या तोलावर अवलंबून आहे.

पर्यटकांचा वाटाही कमी नाही. सुटे दगड एकावर एक रचून फोटो काढण्याची हौस निरुपद्रवी वाटते. पण रचण्यासाठी उचललेला दगड एखाद्या दफनाच्या राशीचा असेल, तर त्याची जागा कायमची पुसली जाते. दगड तिथेच दहा फुटांवर पडलेला असतो, पण त्याने जी माहिती जपली होती ती गेलेली असते. स्टोनहेंजचा दगड कोणी हलवला तर जगभर बातमी होईल. एक्समूरवरचा वीतभर दगड निखळला तर ते कळण्यासाठी आधी कोणीतरी तो तिथे होता, याची नोंद केलेली असावी लागते. म्हणूनच अर्थ काय, याचे उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक दगडाची जागा, उंची, कल आणि दिशा टिपून ठेवणे, हेच आज या क्षेत्रातले सर्वांत निकडीचे काम आहे.